अमेरिकन शहर, पोलिश शहर: भगिनी-शहराचं नातं जोडायचं कसं आणि चालवायचं कसं

आमच्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने पोलंडमधल्या भगिनी-गावासाठी, म्हणजे ज्या गावाशी आमच्या गावाचा मैत्रीचा करार आहे त्यासाठी, पाण्याच्या नळ्या जमवल्या होत्या. वापरलेल्या, पण धडधाकट. बावीस नळ्या गुंडाळून एका गॅरेजात रचून ठेवल्या होत्या आणि बोटीच्या भाड्याचे पैसेही जमले होते. पाठवायच्या आठवडाभर आधी तिकडच्या दलातल्या एका गृहस्थांचा एका ओळीचा मेल आला: "नळीच्या तोंडाचा फोटो पाठवाल का?" फोटो गेला आणि अर्ध्या तासात उत्तर आलं. अमेरिकेत नळीच्या तोंडाला आटे असतात, ती फिरवून घट्ट करायची. पोलंडमध्ये स्टॉर्झ पद्धतीची जोडणी असते. त्यात दोन सारखी तोंडं समोरासमोर धरून थोडं वळवलं की अडकतात. आमची एकही नळी त्यांच्या पंपाला लागली नसती.

त्या गृहस्थांनी संकोच न करता विचारलं, कारण तोवर त्यांची आमच्या दलप्रमुखांशी तीन वर्षांची ओळख होती. नुसत्या कराराच्या भरवशावर राहिलो असतो तर नळ्या तिकडे पोचल्या असत्या, आभाराचं पत्र आलं असतं आणि त्या एखाद्या कोठारात पडून राहिल्या असत्या.

मी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलोजवळच्या एका लहान गावात राहते आणि सात वर्षांपासून गावच्या भगिनी-शहर समितीत काम करते. अमेरिकेतले मराठी लोक आता ग्रंथालयाच्या, शाळेच्या, नगरपालिकेच्या समित्यांवर दिसू लागले आहेत. महाराष्ट्र मंडळात वर्गणी, हॉल, पाहुण्यांची उतरायची सोय हे सगळं सांभाळलेल्या माणसाला या कामाची अर्धी तयारी आधीच असते. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत भगिनी-शहरांची चळवळ राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ साली व्हाइट हाउसमध्ये भरवलेल्या परिषदेतून उभी राहिली. सरकारांची बोलणी अडली तरी सामान्य माणसांची ओळख चालू राहावी, ही त्यामागची कल्पना होती. सिस्टर सिटीज इंटरनॅशनल ही संस्था त्यातूनच आली. शिकागोने १९६० साली आपलं पहिलं भगिनी-शहर निवडलं ते वॉर्सा, तेही शीतयुद्ध ऐन भरात असताना. मग रॉचेस्टर आणि क्राकुफ १९७३ साली जोडले गेले, आमच्या शेजारचं बफेलो आणि झेशुफ १९७५ साली. पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट गेल्यावर लाटच आली: क्लीव्हलंड आणि ग्दान्स्क १९९०, टोलीडो आणि पोझनान १९९१, ग्रँड रॅपिड्स आणि ब्येल्स्को-ब्यावा १९९१, शार्लट आणि व्रोत्स्वाफ १९९३. पुणे आणि सॅन होजे यांचं नातंही त्याच काळातलं, १९९२ चं.

१९९० च्या आधीची आणि नंतरची नाती वेगळी आहेत, आणि हे कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. आधी पोलिश शहराची परिषद ही केंद्रसत्तेचीच एक शाखा होती. ८ मार्च १९९० च्या कायद्याने ग्मीना, म्हणजे नगरपालिका किंवा ग्रामपालिका, स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि त्याच वर्षी मे महिन्यात खऱ्या स्थानिक निवडणुका झाल्या. परदेशी गावाशी सहकार्य करायचा हक्क आता थेट राज्यघटनेच्या १७२ व्या कलमात आहे. तुमच्या शहराचं नातं जुनं असेल तर पहिलं काम म्हणजे मूळ कागद शोधणं. त्यावर कोणाच्या सह्या आहेत, नंतर त्याचं नूतनीकरण झालं का, तिकडच्या परिषदेला तो आज मान्य आहे का, हे पाहा. नातं "आहे" असं इकडे सगळे म्हणतात आणि तिकडे कोणालाच आठवत नाही, असंही होतं.

पायरी १: गाव नेमकं कोणतं, ते ठरवा

बहुतेक ठिकाणी सुरुवात अशी होते: गावात पोलिश वंशाची कुटुंबं आहेत, कोणाच्या तरी पणजोबांचं गाव तिकडे आहे, त्याच गावाशी नातं जोडू या. भावना खरी असते, पण घात इथेच होतो.

१७९५ ते १९१८ या काळात पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. अमेरिकेत आलेल्या पोलिश लोकांचा मोठा लोंढा नेमका याच काळातला. त्यामुळे जहाजाच्या यादीत पणजोबांचा देश ऑस्ट्रिया, जर्मनी किंवा रशिया असा लिहिलेला सापडतो, आणि गावाचं नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. "ऑस्ट्रिया" लिहिलेलं असेल तर गाव बहुधा गॅलिशियातलं, म्हणजे आजच्या दक्षिण पोलंडमधलं, क्राकुफ ते झेशुफ पट्ट्यातलं किंवा आज युक्रेनमध्ये असलेलं. "जर्मनी" असेल तर पोझनान, सिलेशिया किंवा उत्तरेकडचा भाग तपासा.

नाव मिळालं तरी सावध राहा. नोवा व्येश, म्हणजे नवं गाव, या नावाची गावं पोलंडमध्ये ढिगाने आहेत. आपल्याकडे नुसतं वडगाव म्हटल्यावर कोणतं वडगाव, असं विचारावं लागतं ना, तसंच. म्हणून गावाबरोबर ग्मीना, पोव्यात आणि वोयेवुद्स्त्वो ही तिन्ही नावं लिहून घ्या. वोयेवुद्स्त्वो म्हणजे प्रांत, असे १६ आहेत. पोव्यात साधारण आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधला. ग्मीना देशभरात सुमारे अडीच हजार आहेत आणि करार होतो तो ग्मीनेशी. पणजोबांचं गाव चारशे उंबऱ्यांचं असेल तर त्याला स्वतःची परिषद नसते, ते ज्या ग्मीनेत येतं तिच्याशी बोलावं लागतं.

चर्चच्या जुन्या नोंदवह्या या कामी फार उपयोगी पडतात. बफेलोतलं सेंट स्टॅनिस्लॉस चर्च १८७३ सालचं. अशा जुन्या पॅरिशमध्ये लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींत कित्येकदा मूळ गाव सापडतं. रजिस्टर पाहायला जाताना पॅरिशमधल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंना बरोबर न्या. त्यांना अक्षर लागतं आणि कोणतं घराणं कोणाचं, हेही ठाऊक असतं.

वंशाचा धागा नसेल तरी अडत नाही. दोन्ही गावं नदीकाठची आहेत, दोन्हीकडे विमानाचे सुटे भाग बनतात, दोन्हीकडे नर्सिंग कॉलेज आहे, अशा जोड्या माझ्या मते जास्त चालतात, कारण तिथे तरुण माणसांना करायला काही असतं. लोकसंख्या मात्र जवळपासची असू द्या. पाच हजारांच्या गावाने पाच लाखांच्या शहराशी करार केला तर तिकडे तुमची फाइल एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या खणात जाते.

त्या शहराला आधीच एखादं अमेरिकन भगिनी-शहर आहे का, तेही पाहा. पोलिश नगरपालिकांच्या संकेतस्थळावर भागीदार शहरांची यादी असते. तिकडे भगिनीपेक्षा भागीदार हाच शब्द जास्त चालतो: म्यास्तो पार्तनेर्स्क्ये. आधीचं शहर असेल तर त्यांच्या समितीला एक फोन करा. परवानगीची गरज नसते, पण शिष्टाचार म्हणून करावा, आणि ते लोक तुम्हाला बरंच काही शिकवतात.

पायरी २: समिती आणि तिचा हिशेब

निदान सहा-सात माणसं हवीत, आणि ती सगळी एकाच वयाची नकोत. महापौरांच्या कार्यालयातलं एक माणूस, एक शिक्षक, ग्रंथालयातलं कोणीतरी, पोलिश बोलणारं एक आणि हिशेब ठेवणारं एक. पोलिश बोलणारं माणूस आजच्या पोलंडमध्ये राहून आलेलं असेल तर उत्तम. तीन पिढ्यांपूर्वीची घरगुती पोलिश गोड असते, पण सरकारी पत्राला पुरत नाही.

पैसे गोळा करणार असाल तर संस्था नोंदवावी लागते. राज्याकडे ना-नफा महामंडळ म्हणून नोंदणी, मग आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडून, ईआयएन हा संस्थेचा ओळख क्रमांक, मग ५०१ सी ३ या करमाफीच्या दर्जासाठी अर्ज, असा क्रम. वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत राहणार असेल तर छोटा अर्ज, फॉर्म १०२३-ईझेड, चालतो आणि त्याची फी २७५ डॉलर आहे. मोठ्या अर्जाची ६०० डॉलर. त्यानंतर दरवर्षी ९९०-एन नावाचं छोटं विवरण ऑनलाइन भरायचं असतं. ते दहा मिनिटांचं काम आहे, आणि म्हणूनच विसरलं जातं. सलग तीन वर्षं विसरलात तर करमाफीचा दर्जा आपोआप रद्द होतो, आयआरएस पुन्हा विचारत बसत नाही. खजिनदार बदलले की हे काम कोणाकडे गेलं, ते इतिवृत्तात लिहा.

एवढा व्याप नको असेल तर शहरात आधीपासून असलेल्या भगिनी-शहर संस्थेची उपसमिती व्हा. लहान गावांना मी हेच सुचवते. सिस्टर सिटीज इंटरनॅशनलचं सदस्यत्व शहराच्या नावाने घेतात आणि त्याची वर्गणी लोकसंख्येनुसार ठरते.

पायरी ३: पहिलं पत्र

आधी उच्चार शिकून घ्या. झेशुफ हे नाव रोमन लिपीत पाहिलं तर तोंडाला फेस येतो, पण नियम सरळ आहेत. आर आणि झेड जोडून आले की झ, एस आणि झेड आले की श, डोक्यावर रेघ असलेला ओ म्हणजे उ, आणि शब्दाच्या शेवटचा डब्ल्यू म्हणजे फ. फोनवर पहिल्याच वाक्यात गावाचं नाव बरोबर घेतलं की पलीकडचा आवाज बदलतो, हे मी स्वतः ऐकलं आहे.

पत्र कोणाच्या नावे? १ लाखाहून मोठ्या पोलिश शहराच्या प्रमुखाला प्रेझिदेंत म्हणतात, म्हणजे तो शहराचा अध्यक्ष. लहान शहरात बुर्मिस्त्श आणि ग्रामीण ग्मीनेत वुइत. आमच्या समितीतल्या एका सदस्याने पहिल्या मसुद्यात "मेयर ऑफ पोलंड" असं लिहून ठेवलं होतं, कारण त्याला वाटलं प्रेझिदेंत म्हणजे देशाचाच. पाठवण्याआधी सापडलं.

मायना लिहिताना मराठी माणसाला एक गोष्ट पटकन कळते. पोलिश भाषेत सात विभक्त्या आहेत आणि सातवी संबोधन. राम, पण हाक मारताना रामा, तसंच प्रेझिदेंत, पण पत्रात "शानोव्नी पान्ये प्रेझिदेंच्ये". बाई असतील तर "शानोव्ना पानी प्रेझिदेंत". पान आणि पानी म्हणजे आपलं अहो-जाहो. अमेरिकन सवयीने एकदम पहिल्या नावावर येऊ नका. ते लोक अहो-जाहो सोडतात, पण ती वेळ येते आणि आली की ते स्वतःच सांगतात. वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने आधी म्हणायचं असतं.

पत्र एका पानाचं, इंग्रजी आणि पोलिश दोन्ही भाषांत. मशीनने भाषांतर करा हवं तर, पण कोणाकडून तरी तपासून घ्या. त्यात तुमचं गाव कुठे, किती मोठं, पोलंडशी काय संबंध, आणि पहिल्या वर्षात करता येईल असं एक छोटं काम एवढंच लिहा. व्यापार, संस्कृती, शिक्षण, पर्यटन, क्रीडा यांची माळ लावू नका. पत्र नगरपालिकेच्या कार्यालयात, म्हणजे उझोंद म्यास्तामध्ये, प्रसिद्धी किंवा परदेश सहकार्य पाहणाऱ्या विभागाकडे जातं. प्रमुखाच्या नावे लिहा आणि या विभागालाही प्रत द्या.

वेळेचं भान ठेवा. ऑगस्टमध्ये उत्तराची वाट पाहू नका, निम्मी कार्यालयं सुट्टीवर असतात. १ ते ३ मे हा तिकडचा मोठा सुट्टीचा तुकडा असतो; ३ मे हा १७९१ च्या राज्यघटनेचा दिवस. १ नोव्हेंबरला सगळा देश आप्तांच्या कबरींवर दिवे लावायला गेलेला असतो.

घड्याळाची तर वेगळीच कथा. अमेरिकेचा पूर्व किनारा आणि पोलंड यांच्यात सहा तासांचं अंतर आहे. पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप मार्चच्या शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे अंतर पाचच तासांचं असतं. शरदातही ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून एक आठवडा तसंच होतं. आमच्या पहिल्या व्हिडिओ-बैठकीला इकडचे उपमहापौर आणि परिषदेचे चार सदस्य सूट घालून तासभर बसून राहिले, कारण ती बैठक १९ मार्चला होती आणि वेळ मी ठरवली होती. त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. तेव्हापासून प्रत्येक निमंत्रणात दोन्ही शहरांची वेळ लिहिते आणि महिना अक्षरात. ०३/०५ म्हणजे अमेरिकेत ५ मार्च आणि पोलंडमध्ये, आपल्यासारखंच, ३ मे.

पायरी ४: कागद

घाई करू नका. आधी इरादापत्र करा, ज्याला तिकडे लिस्त इंतेन्त्सिय्नी म्हणतात, किंवा मैत्री-शहराचा हलका करार. वर्ष-दोन वर्षं खरोखर काहीतरी करून पाहा. मग पूर्ण भगिनी-शहर करार.

दोन्हीकडे लोकनियुक्त परिषदेचा ठराव हवा. इकडे सिटी कौन्सिल, बफेलोत तिला कॉमन कौन्सिल म्हणतात. तिकडे शहराची परिषद, राडा म्यास्ता. तिच्या ठरावाला उख्वावा म्हणतात आणि परदेशी गावांशी सहकार्याचे ठराव करण्याचा अधिकार १९९० च्या कायद्याच्या १८ व्या कलमात परिषदेला स्पष्ट दिलेला आहे. नुसती अध्यक्षांची सही घेऊन आलात आणि परिषदेचा ठराव नसेल तर पुढच्या निवडणुकीनंतर तो कागद कोणी मानेलच असं नाही.

अमेरिकन बाजूने शहराचे वकील मसुदा पाहतील आणि पाहू द्या. अमेरिकेच्या घटनेत राज्यांना परदेशाशी तह करायला मनाई आहे, म्हणून अशा कागदात कायदेशीर किंवा आर्थिक बंधन निर्माण होत नाही, असं एक वाक्य असतं. पोलिश बाजूला ते कधी कधी तुटक वाटतं. सही करायला बसल्यावर त्यांना कळू देऊ नका, मसुदा पाठवतानाच कारण समजावून सांगा. दोन्ही भाषांतल्या प्रती सारख्याच अधिकृत आहेत, हेही लिहा.

आता कराराचा गाभा. आमच्या पहिल्या मसुद्यात असं होतं: "दोन्ही शहरं संस्कृती, शिक्षण, क्रीडा आणि अर्थकारण या क्षेत्रांत परस्पर सहकार्य वृद्धिंगत करतील." हे वाक्य जगातल्या कुठल्याही दोन शहरांना लागू पडतं. तिकडच्या ग्रंथपाल बाईंनी त्याखाली पेन्सिलीने विचारलं, "म्हणजे सोमवारी कोण काय करणार?" मग आम्ही बदललं: "दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही ग्रंथालयं एकमेकांच्या गावातल्या मुलांनी काढलेली प्रत्येकी वीस चित्रं लावतील. चित्रं १ सप्टेंबरपर्यंत पाठवायची जबाबदारी बालविभागाच्या प्रमुखांची." हे कलम आमच्या करारातलं सगळ्यात साधं आहे, आणि एकदाही चुकलेलं नाही, कारण त्यात तारीख, संख्या आणि पद लिहिलेलं आहे. माणसाचं नाव नको, पद लिहा. नावं निवृत्त होतात.

आणखी दोन कलमं विसरू नका. दर तीन वर्षांनी आढावा, आणि मतभेद झाला तर काय. मतभेदाची भीती हवेतली नाही. २०२० साली फ्रान्समधल्या सें-जाँ-द-ब्रे या शहराने पोलंडमधल्या तुखुफशी असलेलं नातं स्थगित केलं, कारण तुखुफच्या परिषदेने समलिंगी लोकांच्या विरोधातला ठराव केला होता. २०२२ साली युक्रेनवरच्या आक्रमणानंतर शिकागोने मॉस्कोशी नातं स्थगित केलं. नातं तोडणं आणि स्थगित करणं यांत फरक आहे. स्थगितीचा रस्ता करारातच असला की परिषदेला रागाच्या भरात सगळं मोडावं लागत नाही आणि ग्रंथालयांची, शाळांची ओळख शिल्लक राहते.

पायरी ५: दरवर्षी होणारं एक काम

एकच, पण दरवर्षी. दुसरं काम पहिलं तीन वेळा झाल्यावर.

शाळांचा व्हिडिओ-तास सगळ्यांना सुचतो. गणित करून पाहा: अमेरिकेत सकाळचे नऊ म्हणजे पोलंडमध्ये दुपारचे तीन, आणि तोवर तिकडची शाळा सुटत आलेली असते. म्हणून इकडचा पहिला तास, सकाळी आठचा, एवढीच खिडकी मिळते. त्या तासाला जो शिक्षक राजी आहे त्यालाच धरा, मग त्याचा विषय कोणताही असो. आमच्याकडे ते रसायनशास्त्राचे निघाले. मुलांनी दोन्हीकडच्या नळाच्या पाण्याचा जडपणा मोजला आणि आकडे ताडून पाहिले. भाषेची अडचण आलीच नाही.

अग्निशमन दलांची जोडी मला सर्वांत आवडते. पोलंडमध्ये ओखोत्निचा स्त्राश पोझार्ना, म्हणजे स्वयंसेवी अग्निदल, गावागावात आहे. त्यांच्या इमारतीत लग्नं लागतात, सभा होतात. पश्चिम न्यूयॉर्कमध्येही स्वयंसेवी दलं तशीच गावाच्या मध्यभागी आहेत. ही माणसं भेटली की दुभाषा लागत नाही, थेट गाडीचं बॉनेट उघडतात. फक्त वस्तू पाठवण्याआधी नळ्यांची गोष्ट आठवा. वीजही वेगळी: तिकडे २३० व्होल्ट, इकडे १२०.

सणही चालतो. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बफेलोत डिंगस डे असतो. पोलंडमधल्या श्मिगुस-दिंगुसची ही अमेरिकन आवृत्ती. माणसं एकमेकांवर पाणी उडवतात आणि विलोच्या लवदार कळ्यांच्या फांद्यांनी हलकेच मारतात. पहिल्या वर्षी माझ्या पाठीवर पिचकारी बसली तेव्हा मी रंगपंचमीच्या जुन्या सवयीने मागे वळून ओंजळीने पाणी फेकलं आणि शेजारच्या आजींनी त्या दिवसापासून मला घरातलं मानलं. बफेलोच्या ब्रॉडवे मार्केटमध्ये त्या आठवड्यात लोण्याचं कोकरू मिळतं, लाल फीत आणि मिरीचे डोळे लावलेलं. झेशुफमध्ये जगभरच्या पोलिश वंशाच्या लोकनृत्य पथकांचा महोत्सव १९६९ पासून भरतो. तुमच्या गावात असं पथक असेल तर त्याची चौकशी करा.

पायरी ६: पैसे

युरोपीय संघ गावांच्या जोडण्यांना निधी देतो, पण तो युरोपातल्या गावांच्या आपसातल्या कामासाठी. अमेरिकन गावाबरोबरच्या कामाला तो मिळेल असं धरू नका. पोलिश नगरपालिका पाहुण्यांचं राहणं-जेवण सहसा उचलते, विमानभाडं ज्याचं त्याने. तुम्हीही तोच नियम ठेवा आणि तो लिहून ठेवा. विद्यार्थी आणि संशोधकांसाठी न्यूयॉर्कचं कोश्चुश्को फाउंडेशन, १९२५ पासूनचं, आणि अमेरिकन सरकारची फुलब्राइट शिष्यवृत्ती हे दोन दरवाजे ठोठवण्यासारखे आहेत. बाकी वर्गणी, पिएरोगीची (सारण भरलेल्या उकडलेल्या पोलिश करंज्यांची) विक्री आणि गावातली बँक. नगरपालिकेकडून वर्षाला ठरलेली छोटी रक्कम अंदाजपत्रकात घालून घ्या. एकदम मोठी रक्कम एका वर्षी मिळण्यापेक्षा ती जास्त उपयोगाची.

पायरी ७: जाणं-येणं

पोलंड ११ नोव्हेंबर २०१९ पासून अमेरिकेच्या व्हिसा-माफी योजनेत आहे. पोलिश पाहुण्यांना ऑनलाइन इस्टा परवाना पुरतो, ९० दिवसांपर्यंत. दोन अडचणी आधीच विचारून घ्या. १२ जानेवारी २०२१ किंवा त्यानंतर क्यूबाला जाऊन आलेल्या माणसाला इस्टा मिळत नाही, त्याला व्हिसासाठी मुलाखत द्यावी लागते, आणि युरोपातून क्यूबाला सुट्टीवर जाणं काही विशेष नसतं. दुसरं, मानधन घेऊन कार्यक्रम करणाऱ्या कलाकारांना इस्टा चालत नाही.

अमेरिकन पासपोर्टवाल्यांना तिकडे १८० दिवसांत ९० दिवस व्हिसा लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसाने फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, रांगेला वेळ धरा. आपल्यापैकी जे अजून भारतीय पासपोर्टवर आहेत त्यांना ग्रीन कार्ड असलं तरी शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांना फी ९० युरो. अर्ज तुमच्या राज्यासाठी नेमलेल्या पोलिश वकिलातीत करायचा; वॉशिंग्टनच्या दूतावासाखेरीज न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टनला वकिलाती आहेत. भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून शिष्टमंडळाच्या तारखा ठरल्याच्या दिवशीच अर्जाला लागा. यजमान नगरपालिकेचं निमंत्रणपत्र जोडलं तर अर्जाला बळ येतं.

तिकडे स्वागत भाकरी आणि मिठाने होतं. पाव मोडायचा, मिठाला लावायचा, खायचा. घरी जेवायला बोलावलं तर फुलं विषम संख्येत न्या, सम संख्या अंत्यविधीची. जोडे दारात काढायचे असतात, आपल्याला काही सांगायला नको. शाकाहारी असाल तर "बेझ म्येंसा", मांसाविना, असं सांगा, पण मासा त्यांच्या लेखी मांस नाही, म्हणून तोही वेगळा सांगा. बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेले पिएरोगी रुस्क्ये उकडीच्या करंज्यांसारखे लागतात, फक्त वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात. "बेझ स्क्वारेक" म्हटलं की ते येत नाहीत.

एक गोष्ट मी दर भेटीत सांगते. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेले जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे आदरांजली वाहिली. मी हे सांगितल्यावर झेशुफमधल्या एका जेवणात समोरच्या बाई उठून आत गेल्या आणि मावशीचा फोटो घेऊन आल्या: दोन वेण्या, पांढरा फ्रॉक, मागे नारळाचं झाड.

हस्तांतराची वही

पोलिश शहराध्यक्षांची मुदत पाच वर्षांची आणि एकाच शहरात कोणालाही दोनच मिळतात. पुढच्या स्थानिक निवडणुका २०२९ साली. आपल्याकडचे महापौरही बदलत राहतात. म्हणून समितीची एक वही ठेवा, कागदी आणि ऑनलाइन दोन्ही. मूळ करार आणि दोन्ही ठरावांच्या प्रती, दोन्हीकडच्या पदांची यादी आणि सध्याची माणसं, वर्षाचं वेळापत्रक, कोणाला काय भेट दिली याची नोंद म्हणजे तीच भेट दुसऱ्यांदा जात नाही, ९९०-एन भरल्याची पावती, आणि फसलेल्या गोष्टींचं एक पान. निवडणूक झाली की महिन्याभरात नव्या माणसाला भेटा आणि ही वही समोर ठेवा. अभिनंदनाचं पत्र दोन्ही भाषांत, मायना संबोधन विभक्तीत.

आमच्या वहीतल्या फसलेल्या गोष्टींच्या पानावर नळीच्या तोंडाचा तो फोटो चिकटवलेला आहे. त्याच्याखाली तिकडच्या गृहस्थांनी मापं लिहून दिली आहेत: ५२, ७५ आणि ११०. गेल्या वर्षी आमच्या दलाने त्या मापांची जोडणी-कडी एका यंत्रशाळेत करून घेतली. आता पुढच्या बोटीने आठ नळ्या आणि आठ कड्या जातील.